दसरूची जागा

गिरजेच्या भावाचं लगन आठवड्यावर आलं होतं, आणि तिनं माहेरी जायचं की नाही हे ठरणार होतं तिच्या दोन वर्षांच्या दसरूच्या ढुंगणावर.

सासू गुणाबाईनं बजावूनच ठेवलं होतं. "मागं तुह्या पोट्ट्यानं पाटलाच्या धानाच्या ढिगावर केली. आता भर मांडवात करन. लोक मले नावं ठेवतीन. आपल्यानं सांगून, जागेवर बसन, तवाच जा."

गिरजा कामाला लागली. घरामागं कुंपणापाशी पाय लांब करून बसायची, दसरूला दोन्ही पायांवर बसवायची, त्याचे हात धरायची. सगळ्याच आया असंच करतात. दसरू पंचाईतीतल्या पंचासारखा गंभीर बसायचा, कावळ्याशी बोलायचा, उठायचा आणि चुलीपाशी जाऊन मोकळा व्हायचा.

मग एका सकाळी त्यानं स्वतःच तिचं लुगडं ओढलं, पायांवर चढला आणि सगळं केलं. गिरजेनं त्याचे पटापट मुके घेतले.

"एकडाव केलं तं शिकला काय?" गुणाबाई म्हणाली. "मह्यासमोर करू दे."

दुसऱ्याच दिवशी गिरजेचे वडील, देवाजी, तिला न्यायला बैलबंडी घेऊन आले. वाटेनं अंग मोडलेलं. ओसरीवर भिंतीला टेकून त्यांनी पाय लांब केले.

"पोट्टा कच्चा आहे अजून, इवाईबुवा," गुणाबाईनं व्याह्यांपाशी सुरू केलं. "या बारीले गिरजेले—"

एवढ्यात दसरू आला. त्यानं देवाजींचं धोतर ओढलं. "नातवानं वळखलं मले!" देवाजी फुलले. दसरू त्यांच्या पायांवर चढला, समोर तोंड करून बसला, त्यांची बोटं घट्ट धरली, आणि मन लावून आपलं काम उरकलं.

देवाजी हलले नाहीत. हलण्यात धोका होता.

"आत्याबाई," गिरजा सासूला हळूच म्हणाली, "आपल्यानं आला. सांगतलं. जागेवर बसला."

"जागेवर? इवायाच्या पायावर?"

"मी त्याले तेच शिकवलं न."

"इहिणबाई," देवाजी म्हणाले, "नातवाचं झालं असन, तं पानी भेटन काय?"

मुलीच्या बापाचे पाय धुण्याची रीत त्या घरात कधीच नव्हती. गिरजेच्या लग्नात देवाजींनीच जावयाचे पाय धुतले होते. पण गिरजेच्या कडेवर दसरू होता, आणि त्यालाही धुवायचं होतं. गुणाबाईनं पाण्याचा पितळी गुंड उचलला. पाणी ओतता ओतता ती फणकारली, "घेऊन जा दोघाईले. आन् गिरजे, मांडवात कोनाले पाय पसरून बसू देऊ नोको."