नऊ थरांची बंडी

"श्वास घेऊ नका बाबा, टेप हलते!"

"श्वास नको घेऊ म्हणते? मंग काय घेऊ, चहा?" हिरालाल म्हणाला, हसला, आणि हसता हसता असा खोकत सुटला की टेप भावनाच्या हातातून निसटून खाली पडली.

तिनं ती उचलली, झटकली, पुन्हा बाबांच्या छातीभोवती फिरवली. साडेएकतीस. पहिलं माप चुकूही शकतं, असं शिवणक्लासच्या पूर्णिमादीदी सांगायच्या, म्हणून तिनं परत घेतलं. साडेएकतीस. दारामागच्या खुंटीवर बाबांचा कामावरचा शर्ट लटकत होता. त्याच्या कॉलरच्या आत अडतीस लिहिलेलं होतं, आणि तो शर्ट मागच्या वर्षीच घेतलेला होता.

"किती आलं व?" शांतानं पोळी लाटता लाटता विचारलं.

"चौतीस, आई."

खोटं बोलताना भावनाचा आवाज मोठा व्हायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शांतानं लाटलेली पोळी तव्यावर टाकली.

भावना सोळा वर्षांची, अकरावीतली. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, शिवणक्लासला जायला लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. परकर झाला, फ्रॉक झाला, आणि ब्लाउज तर असा बसला की पूर्णिमादीदींनी तो सगळ्या पोरींना उलटा करून आतून दाखवला. तेव्हापासून पोरगी हवेतच होती. पडद्याचा स्कर्ट झाला, आईच्या विटक्या साडीच्या दोन कुर्त्या झाल्या, बाबांच्या पँटच्या पायाची पिशवी झाली. घरात कापड दिसलं की तिच्या हातांना खाज सुटायची, आणि आई आपला पदर कमरेत खोचून घ्यायची.

"पोट्टी एक दिवस माह्या अंगावरचंच कापन," शांता शेजारणींना सांगायची. पण सांगताना तिचं तोंड हसरं असायचं.

आजचं शिवण मात्र हौसेचं नव्हतं.

हिरालाल एकोणीस वर्षं सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात ठेकेदाराचा मजूर होता. नोव्हेंबरात नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि बघता बघता सगळंच नवं यायला लागलं. नव्या पाट्या, नव्या गाड्या, भोपाळहून आलेले नवे साहेब. मार्चमध्ये कारखान्याला ठेकेदारही नवा आला. त्याचा मुनशी सोमवारी सगळ्या मजुरांना रांगेत उभं करून पाहणार होता. मागच्या वेळी ठेकेदार बदलला तेव्हा हाडं दिसणाऱ्या माणसांना तिथल्या तिथं घरी पाठवलं होतं, हे हिरालालनं डोळ्यांनी पाहिलेलं. आणि आता तीन महिन्यांपासून त्याचा खोकला काही जात नव्हता. दवाखान्यात जायला तो तयार नव्हता. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहून देईल आणि तो कागद कारखान्यात पोचेल, ही त्याला धास्ती.

"एक वर्ष पायजे मले," तो म्हणायचा. "पोरीची बारावी होऊ दे, मंग काढा म्हणा."

कल्पना भावनाचीच. "बाबा, मी तुम्हाले आतून जाड करते. शर्टाच्या आत घालायची बंडी शिवते. बाहेरून कोणाले समजणार नाही."

"कापूस भरशील?"

"कापूस नको व," शांता मध्येच म्हणाली. "मुनशीनं हात लावला का दबन ना तो. गोधडीसारखी शिव. थरावर थर ठेव, अन् टाके असे जवळ जवळ घाल का बोट रुतलं नाही पायजे."

मग घरातली जुनी पेटी उपसली गेली. शांताची दोन लुगडी, विरून जाळी झालेली. ठिणग्यांनी भोकं पडलेली बाबांची खाकी पँट. भावनाचा आठवीचा निळा ट्युनिक. फाटकी शाल, चादरीचे तुकडे, आणि मध्ये घालायला एका जाड कांबळ्याचा अर्धा भाग. एकूण नऊ थर. मायलेकी दोघी दोन बाजूंनी बसल्या आणि दोन दिवस दोऱ्यामागून दोरा ओढत राहिल्या. मशीनची सुई तर तिसऱ्या थरालाच मोडली होती.

रविवारी दुपारी बंडी तयार झाली. हिरालालनं ती घातली, वरून शर्ट चढवला आणि दोघींसमोर येऊन उभा राहिला.

शांतानं तोंडावर पदर धरला. तिचे खांदे हलायला लागले. मग तिला राहवेना आणि ती भिंतीला टेकून खो खो हसत सुटली. भावनाला आधी कळेचना. मग कळलं, आणि तिचे कान लाल झाले. अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्याचा कागदी नमुना तिच्याकडे एकच होता, ब्लाउजचा. तोच तिनं मोठा केला होता, आणि सवयीनं छातीला उभार देणारे टक्सही घातले होते. नऊ थरांचे दोन टक्स! हिरालालचा शर्ट पुढून असा काही फुगला होता की पाहवत नव्हतं.

"कारखान्यातल्या शामरावनं पाह्यलं तर मले साडीच नेसवन ना व," हिरालाल खाली बघत गंभीरपणे म्हणाला.

त्या घरात महिनोन्महिने असं हसणं झालं नव्हतं. हसता हसता हिरालालला खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत दोघी त्याची पाठ चोळत राहिल्या. मग भावनानं टक्स उसवले, छाती सपाट केली, उरलेलं कापड खांद्यांवर चढवलं. संध्याकाळच्या आत बंडी पुन्हा अंगावर चढली. आरशात जुना हिरालाल उभा होता, भरल्या खांद्यांचा, अडतीसच्या शर्टाचा. शांता त्याच्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि विनाकारण भांडी घासायला बसली.

सोमवारी भावनाचं शाळेत लक्ष नव्हतं. ती घरी आली तर बाबा आधीच येऊन बसलेले.

"सांगा ना बाबा! काय झालं?"

"काय होते? मुनशी आला. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवे, दाबून पाहे. बैलबाजारात पाहतात ना, तसा. माह्याजवळ आला. दाबलं. अजून जोरात दाबलं. मंग म्हणे, 'बुढ़ऊ में दम है!'"

भावनानं किंकाळीच फोडली. आईला धरून तिनं गरगर फिरवलं, बाबांच्या हातातला कप काढून घेतला आणि स्वतः नवा चहा टाकला. दोन महिन्यांच्या शिकण्यावर तिनं माणसाची नोकरी शिवून दिली होती! रात्रभर तिला टाकेच दिसत राहिले, सरळ, एकसारखे.

हिरालाल तिच्याकडे बघून हसत होता.

एप्रिल लागला तसं ऊन चढलं. हिरालाल संध्याकाळी यायचा तेव्हा बंडी पिळून काढावी इतकी भिजलेली असायची. शांता ती अंगणातल्या दोरीवर टाकायची, आणि सकाळी वाळलेल्या कापडावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असायचे. त्याचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. "ऊन लागते जरासं," एवढंच तो सांगायचा.

चौदा एप्रिलला शनिवार होता. बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक निघायची होती. सगळा पारा पांढऱ्या कपड्यांत बाहेर पडला. सुट्टी होती, म्हणून हिरालालनं बंडी घातली नव्हती. नुसत्या पांढऱ्या शर्टात तो निळ्या झेंड्यांजवळ उभा होता. तेवढ्यात त्याच्याच कारखान्यातला शामराव आला. शामराव मुळातच काडीपैलवान, अंगावर मूठभर मांस नसलेला.

"काय गा हिरालाल," तो जवळ येता येता थबकला. "अबे, हे काय? काल तर चांगला दिसत होता तू. एवढा खंगला?"

"शर्ट ढिला आहे," हिरालाल म्हणाला.

"शर्टाचं नको सांगू मले. मंग तुले भट्टीवर काहून टाकलं बे? आमच्यासारख्या मरतुकड्यायले तर मुनशीनं त्याच दिवशी बाजूले काढलं. मले वाटलं, गेली नोकरी. तर म्हणे, तुम हलका काम करो! मी काट्यावर बसतो आता. ट्रक येते, वजन होते, मी पावती फाडतो. सावलीत, खुर्चीवर! दमदार दमदार तेवढे निवडून भट्टीवर पाठवले त्यानं."

मिरवणुकीचा ढोल सुरू झाला. भावना दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

घरी येईपर्यंत तिनं कसाबसा दम धरला. दार लोटलं आणि ती ओरडली, "तुम्हाले माहीत होतं?"

"काय?"

"काय काय करता! भट्टीवर टाकलं म्हणून! पहिल्याच दिवशी माहीत होतं ना? मंग सांगितलं काहून नाही?"

हिरालाल खाटेवर बसला. चपला काढून त्यानं एकीशेजारी एक नीट ठेवल्या.

"तू नाचून राहिली होती व," तो म्हणाला.

शांता चुलीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

"सोमवारीच जाऊन सांगा मुनशीले," भावना रडत म्हणाली. "म्हणा, मी आजारी आहे."

"अन् एका रात्रीत एवढा कमी कसा झालो सांगू? तो म्हणन मले येडा बनवलं. खुर्ची नाही देणार, सरळ गेटाबाहेर काढन."

भावना रडायची थांबली. अंगणात जाऊन तिनं दोरीवरची बंडी काढून आणली. मग तिनं कात्री घेतली.

"एका रात्रीत नाही," ती म्हणाली. "हळूहळू कमी करू."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहिला थर निघाला. उसवणं हे शिवण्यापेक्षा कितीतरी कठीण काम निघालं. आईनं आणि तिनं मिळून घातलेले ते जवळ जवळ टाके एकेक करून कापायचे, एक कापड ओढून काढायचं, आणि उरलेले थर पुन्हा शिवायचे. बाहेरून बंडी तीच दिसली पाहिजे, फक्त बोटभर बारीक. पहिल्या रविवारी कांबळं गेलं. दुसऱ्या रविवारी शाल. "दोन दोन काढू ना बाबा," ती दर वेळी म्हणायची, आणि हिरालाल मान हलवायचा, "नाही व. मुनशीची नजर लय बारीक आहे." ट्युनिक निघाला, खाकी पँट निघाली. घरात काढलेल्या चिंध्यांचा ढीग वाढत गेला.

पण बंडी एका थरानं उतरायची तेव्हा आतला माणूस दोन थरांनी उतरलेला असायचा. पाचव्या रविवारी भावनानं बंडी बाबांच्या अंगावर चढवून पाहिली तर ती आधीपेक्षा ढिलीच वाटत होती. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. बाजू आत घेऊन शिवून टाकली. त्या रात्री पहिल्यांदाच तिला शिवण नकोसं झालं.

शांतानं एकदा भांडून त्याला दवाखान्यात न्यायचा प्रयत्न केला. रिक्षा दारात उभी राहिली. हिरालाल खाटेवरून उठला नाही. "एकदा खुर्ची भेटू दे. मंग तू म्हणशील तिथं येतो," तो म्हणाला. रिक्षावाला वाट पाहून निघून गेला.

सहा थर निघाले आणि नवतपा, मे अखेरचे ते नऊ होरपळणारे दिवस, लागला. त्याच आठवड्यात एका सकाळी मुनशी भट्टीकडे येऊन थांबला आणि हिरालालला खालून वरपर्यंत पाहून म्हणाला, "क्यों बुढ़ऊ, तू तो आधा हो गया रे! चल, काँटे पे बैठ कल से."

हिरालाल घरी आला तो सायकल हातात धरून, चालत. पण दारातूनच म्हणाला, "भेटली व! भेटली खुर्ची!" शांतानं भजी तळली. त्यानं दोन खाल्ली. डॉक्टरकडे जायचा शनिवार ठरला. "अन् बंडी?" भावनानं विचारलं. "आता काहून बंडी?" तो म्हणाला. "आता जसा आहे तसाच जातो."

काट्यावरच्या तिसऱ्या दिवशी भावना डबा घेऊन निघाली. डबा म्हणजे निमित्त. तिला बाबांना खुर्चीवर बसलेलं पाहायचं होतं. घराजवळ गुढियारीत टेंपो धरून ती सिलतऱ्याला उतरली. रस्त्याकडेची झाडंसुद्धा तिथं काळी होती. गेटाच्या आतच काटा होता, आणि त्याला लागून खिडकी असलेली लहानशी खोली.

ती लांबच थांबली. हाक मारली नाही. खिडकीत बाबा दिसत होते, खुर्चीवर, हातात पेन. एवढ्या वर्षांत तिनं बाबांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं, आणि बसून काम करताना तर मुळीच नाही. चांगले साहेबासारखे दिसत होते. तिला वाटलं, जरा वेळ असंच बघावं.

काट्यावर ट्रक चढला होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मागं तीन-चार ट्रक रस्त्यापर्यंत लागलेले. त्यांनीही हॉर्न दिले. बाबांनी मान वर केली नाही.

"ए कका! सुत गेस का?" काका झोपले की काय, म्हणून ड्रायव्हर ओरडला. मग शिवी देत खाली उतरला, खिडकीशी गेला, आत वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

बाहेर आला तेव्हा त्यानं डोक्याचा गमछा काढून हातात घेतला होता. तो ट्रककडे गेला आणि त्यानं इंजिन बंद केलं. मागच्याला हातानं काहीतरी खुणावलं. त्यानंही बंद केलं. मग त्याच्या मागच्यानं. एकेक करत रस्त्यापर्यंतचे सगळे ट्रक शांत झाले, आणि भावना उभी होती तिथपर्यंत खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.