खांबामागचा शेवटचा चेंडू

ऑल्डर क्रीक गावच्या संघाने, मस्करॅट्सनी, एकेचाळीस वर्षांत एकदाही करंडक जिंकला नव्हता आणि तेवढ्याच वर्षांत कॅझ डुडेकने घरच्या मैदानावरचा त्यांचा एकही बेसबॉलचा सामना चुकवला नव्हता. या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध असावा, असं बारा नंबरच्या स्टँडमधल्या प्रेक्षकांचं मत होतं. मत प्रेमानेच मांडलं जाई, पण मांडलं जाई.

पुरावाही होता. एका वर्षी सातव्या डावात कॅझ मुतारीत गेला आणि तेवढ्यात मस्करॅट्सनी चार धावा काढल्या. तो परत येऊन बसला, धावा थांबल्या. तेव्हापासून संघ फारच गाळात गेला की लॉरेन कोझाक मागच्या रांगेतून त्याच्या खांद्यावर 'जा' म्हणून दोन बोटं ठेवी. लॉरेनने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. तिच्या बोटांना नाही म्हणायची गावात पद्धत नव्हती.

बारा नंबरसमोर छताचा जाडजूड लोखंडी खांब होता आणि मैदानाचा उजवा कोपरा त्याच्यामागे अख्खा झाकला जाई. क्लबने एकदा या मंडळींना चांगल्या जागा दिल्या होत्या. त्या दिवशी मस्करॅट्स अकरा धावांनी हरले, तेव्हा सगळे मुकाट्याने खांबामागे परतले. उजव्या कोपऱ्यात काय झालं ते पलीकडच्या आरडाओरड्यावरून ओळखायचं, एवढंच.

त्या रविवारी दुपारी करंडकाचा शेवटचा सामना होता. कॅझ नेहमीसारखा गुडघ्यावर धावपत्रक ठेवून पेन्सिलीने एकेक चेंडू टिपत होता. शर्टाच्या खिशात पेनही होता. पेनाने लिहायचं ते करंडकाच्या दिवशी, असं त्याने पंचविशीत ठरवलं होतं. आता तो सहासष्ट वर्षांचा होता आणि हा पेन सहावा.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात मस्करॅट्स दोन धावांनी मागे होते. बॅटिंग त्यांचीच होती. कॅझच्या खांद्यावर दोन बोटं टेकली.

"लॉरेन, आज नको," तो म्हणाला. "आज मला बघू दे."

"तुला बघायचंय की आपल्याला जिंकायचंय, ते ठरव बाबा."

आसपासची सगळी माणसं शेंगदाणे सोलायची थांबली. कॅझ उठला आणि धावपत्रक घेऊन जिन्याखाली गेला.

मुतारीत एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा होता, पण काही करत नव्हता. डोक्यावर पाहुण्या संघाची टोपी होती. म्हाताऱ्याने विचारलं, "तुम्हालाही पाठवलं का?"

त्याचं नाव ऑर्विल टॅगर्ट. त्याच्या संघानेही तेहतीस वर्षं काही जिंकलं नव्हतं. तो पाचव्या डावापासून इथेच होता, आणि तो इथे आल्यापासूनच त्याचा संघ पुढे गेला होता. हे त्याने अभिमानाने सांगितलं, पण मोठ्याने नाही.

इतक्यात वरचं छत हादरलं. लाऊडस्पीकरवाल्याने बरोबरी झाल्याचं सांगितलं. मस्करॅट्सचा एक गडी तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकाच टप्प्यावर होता आणि दोघे बाद झाले होते; तिसरा बाद झाला की डाव संपला. आणखी एक धाव म्हणजे करंडक.

"हे तुमच्यामुळे," ऑर्विल पडलेल्या आवाजात म्हणाला.

कॅझने दाराकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षं तो याच एका क्षणाची वाट बघत होता, आणि त्या क्षणी बघायला त्याला मिळाली होती पांढरी फरशी. ऑर्विलही दाराकडेच बघत होता.

"आपण दोघं एकदम बाहेर गेलो तर?" ऑर्विल म्हणाला. "तुमचं अपशकुनी पाऊल, माझं अपशकुनी पाऊल. फिटंफाट."

"मग उरलं काय?"

"खेळ."

मस्करॅट्सच्या बाबतीत तेवढ्या एकाच गोष्टीवर विसंबून चालत नसे. तरी त्याने मान हलवली. दोघांनी एकमेकांचा हात धरला, तीनपर्यंत आकडे मोजले आणि उंबऱ्याबाहेर एकदम पाय टाकला.

मुतारीसमोरून मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडातून मैदानाचा उजवा कोपरा लख्ख दिसत होता. बॅटचा ठोका ऐकू आला. चेंडू उंच, सावकाश, अगदी सोपा, त्याच कोपऱ्याकडे येऊ लागला. पाहुण्यांचे दोन खेळाडू धावत आले, चेंडूखाली थांबले आणि एकाने दुसऱ्याला 'तू घे' अशी खूण केली. दुसऱ्यानेही तीच खूण केली. चेंडू दोघांच्या मधोमध गवतावर पडला आणि शहाण्यासारखा तिथेच राहिला.

ऑर्विलने टोपी काढली. "आमचीच पोरं," तो म्हणाला. "कुठेही ओळखेन." मग त्याने कॅझचं मनगट पकडलं. "मी बाहेर आलो होतो हे कुणाला सांगू नका. मला परतीच्या बसमध्ये घेणार नाहीत."

कॅझने शब्द दिला आणि दोघे धावत मुतारीत शिरले.

अख्खा बारा नंबर खाली आला, तेव्हा कॅझ अतिशय मन लावून हात धूत होता. लॉरेनने त्याला मिठी मारली. ती रडत होती.

"तू गेलास म्हणून जिंकलो रे," ती म्हणाली. "आणि तुलाच दिसलं नाही. बैस, सगळं सांगते तुला. लिहून घे."

सगळ्यांनी मिळून सांगितलं. चेंडू तोफेच्या गोळ्यासारखा गेला. पाहुण्यांचे दोघे हवेत उडाले, त्यांची डोकी आपटली आणि एकाचा बूट प्रेक्षकांत पडला. मागून कुणीतरी रक्तही पाहिलं होतं.

"खांबामागून दिसलं एवढं?" कॅझने विचारलं.

"अरे, अगदी समोर," लॉरेन म्हणाली.

कॅझने धावपत्रक गुडघ्यावर घेतलं आणि शेवटच्या चौकटीत तोफ, डोकी, बूट, सगळं ओळीने लिहिलं. पेन्सिलीने. पेन त्याने घरी गेल्यावर काढायचा ठरवला.