उघडं लोखंड

मी एक पिकअप बोलतेय. शेडच्या कोपऱ्यात तीन चाकांवर आणि विटांच्या एका थप्पीवर उभी आहे ना, तीच मी. उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे. आयुष्यभर हॉर्नखेरीज माझ्या तोंडून आवाज निघाला नाही, आणि निघायला हवा होता तेव्हा तर तोही निघाला नाही. आता बोलून काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण एक गोष्ट पोटात ठेवून मला कापून घ्यायचं नाही, म्हणून ऐका.

कारखान्यातल्या जन्माचं कौतुक मी सांगत बसत नाही. माझ्यासारख्या शेकडो तिथून बाहेर पडल्या. मी कुणाच्या दारात आले, ते महत्त्वाचं. मला घेतलं एका रंगाऱ्याने. लोकांची घरं रंगवणारा हा माणूस. बावीस वर्षं मी त्याच्या शिड्या, बादल्या आणि डागाळलेल्या चादरी वाहिल्या. माणसं रंग निवडायला महिनाभर घेतात, त्यावरून नवराबायकोत अबोला धरतात आणि शेवटी पांढरा ठरवतात, हे मी त्याच्याबरोबर राहून शिकले.

त्याचा एक नेम होता. उघडं लाकूड किंवा उघडं लोखंड त्याला बघवत नसे. संध्याकाळच्या आत त्यावर हात फिरलाच पाहिजे. माझ्या दाराला ओरखडा गेला, की घरी येऊन आधी तो बुजवायचा आणि मगच हातपाय धुवायचा. हाताशी जो रंग असेल तो लागायचा, त्यामुळे माझा अवतार विचारू नका. एका दारावर चार रंग होते. पण गंज? नखभर शोधून दाखवा.

पुढे त्याचे हात थरथरायला लागले. एका घराच्या खिडकीची कड वेडीवाकडी गेली. घरमालकाने चांगल्या शब्दांत सांगितलं, की उरलेलं आम्ही बघून घेतो. त्या दिवशी तो माझ्यात बसून बराच वेळ किल्लीच फिरवेना. मग घरी आला तो कायमचा. त्याच्याबरोबर मीही शेडमध्ये बसले. टायर जमिनीला टेकले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला.

रंगाऱ्याचा मुलगा वेल्डर. गेट, जाळ्या, जिने करायचा. गावभर त्याची गेटं, आणि स्वतःच्या घराच्या फाटकाला बिजागरीऐवजी तार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ मेकॅनिक. खिशात सदा एक पाना खोचलेला, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणत. त्याची आई लवकर गेली. या बहिणीनेच त्याला लहानाचं मोठं केलं, तिच्या लग्नानंतर तोही तिच्याच घरी राहिला. मेहुणा आणि दाजी असं नातं असलं, तरी त्या दोघांचं भावाभावांहून घट्ट होतं.

हे दोघे एकदा बंद पडलेल्या दगडखाणीवर खडक चढायच्या शर्यती बघून आले आणि पार बिघडले. या शर्यतीत पळायचं नसतं. छातीएवढ्या दगडांवरून गाडी मुंगीच्या पावलांनी चढवायची, थांबली की गुण गेले, उलटली की सगळंच गेलं. एक जण चालवतो आणि दुसरा बाहेर उभा राहून हाताच्या खुणांनी वाट दाखवतो. चालवणाऱ्याने दगड बघायचा नाही, फक्त तो हात बघायचा.

दुसऱ्याच दिवशी दोघे माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पाना म्हणाला, की दाजी, या म्हातारीला डोंगर चढवू. मी मनात म्हटलं, मेल्या, मला धड उभं राहता येत नाही.

पण केलं त्यांनी. आठ महिने लागले. माझे जुने पाटे काढून जाड स्प्रिंगा बसवल्या. मागच्या चाकांचा आस, म्हणजे ॲक्सल, चार दांड्यांनी खालच्या सांगाड्याला बांधला. कमरेएवढे टायर आणले. टपावर पाइपांचा पिंजरा झाला, पुढे दोर ओढणारी विंच बसली. मागची दोन्ही चाकं एकदम फिरावीत म्हणून पान्याने आतले दात तीनदा खोलून लावले. घरातून बहीण चहा आणायची आणि दोघांना सुनावायची, की माझ्या मिक्सरला हात लावायला सवड नाही आणि या थेरडीचे लाड चाललेत. बोलायची, पण कप ठेवून निघून नाही जायची. उभी राहून बघायची. खोटं कशाला सांगू, मला आवडत होतं. म्हातारपणी कुणी इतकं लक्ष देतं का?

म्हाताऱ्या रंगाऱ्यालाही वाटायचं, आपणही काहीतरी करावं. स्टूल घेऊन तो शेडच्या दाराशी बसायचा. पॉलिश पेपर देऊ का, म्हणायचा. फडकं मारू का, म्हणायचा. मुलगा म्हणायचा, ‘बाबा, तुम्ही बसा.’ प्रेमानेच म्हणायचा हो. पण दिवसातून पाच वेळा प्रेमाने बसा म्हटलं, की माणसाला आपण कशाच्याच कामाचे उरलो नाही असं वाटायला लागतं. ते मला त्याच्या बसण्यावरून कळायचं.

आता शेडमधली एक रीत सांगते, कारण सगळं तिथेच फिरलं. लोखंडाला लोखंड जोडताना वेल्डर आधी नुसते टाके मारतो. शिवणात कच्चा दोरा घालतात ना, तसं. माप बरोबर बसलं, की मग वरून पूर्ण वेल्डिंग. पूर्ण झालं, की स्प्रेचा डबा फवारून तांबडा प्रायमर मारायचा. दोघांत ठरलेलं होतं, की जिथे रंग, तिथे काम पक्कं. रंग दिसला की पुन्हा विचारायचं नाही. आठ महिने हे सुरळीत चाललं.

शर्यतीला चार दिवस राहिले होते. माझ्या मागच्या ॲक्सलवर वरच्या दांड्याची कडी बसवायची होती. माझं सगळं मागचं वजन चढताना त्या कडीवर येणार. वेल्डरने तिला चार टाके मारले, आणि तेवढ्यात कुणाचं तरी गेट निखळल्याचा फोन आला. तो गेला. पाना बोल्ट आणायला बाजारात गेला. सून आत होती.

तेव्हा म्हातारा उठला. फळीवरून त्याचा तांबड्या प्रायमरचा जुना डबा काढला, ब्रश काढला, गोणपाट अंथरून माझ्याखाली सरकला. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. कडी उघडी होती ना! संध्याकाळ व्हायला आली होती. त्याने सावकाश, कोपरान् कोपरा भरत ती रंगवली. हात थरथरत होता, तरी एक थेंब खाली सांडला नाही. मला म्हणाला, ‘उघडीच ठेवली होती गं तुला.’ किती दिवसांनी त्याचा हात लागला होता. मी सुखावले. हे सांगताना आज मला लाज वाटते. अहो, माझ्या अंगात काय कच्चं आहे ते मला माहीत होतं, आणि मी सुखावले.

त्याने कुणाला सांगितलं नाही. पुन्हा ‘तुम्ही बसा’ ऐकावं लागेल, ही भीती. आणि आपण गुपचूप हातभार लावला, याचा आनंदही असावा. सकाळी वेल्डरला चाकाच्या आडून तांबडं दिसलं. त्याला वाटलं, पान्याने वेल्डिंग संपवलं. पान्यालाही येत होतं ते. पान्याला वाटलं, दाजींनी रात्री येऊन संपवलं. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. रीतच तशी होती. वाकून बघायला किती वेळ लागला असता?

खाणीवर वेल्डर चालवत होता आणि पाना बाहेरून हात दाखवत होता. पहिले दोन दगड मी हसत चढले. लोक टाळ्या वाजवत होते. तिसरी पायरी उंच होती. मागचं डावं चाक अधांतरी फिरायला लागलं. पान्याने हाताने थांबण्याची खूण केली आणि चाकाखाली दगड सरकवायला तो मागे येऊन वाकला. दगड लावला. बाजूला होत होत त्याने वर चढवण्याची खूण केली. वेल्डरने आरशात तो हात बघून ॲक्सिलरेटर दाबला.

चारही टाके एकदम सुटले. ॲक्सल वळला आणि मी मागे घसरले. फार नाही, हातभर. पण त्या हातभरात पान्याचा पाय होता.

मी थांबायला बघत होते. चाकं दगडाला घासत होती. माझं वजन मला आवरलं नाही, यापेक्षा जास्त मी काय सांगू?

गुडघ्याखाली पाय काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर पाना बहिणीला एवढंच म्हणाला, ‘ताई, रंग होता गं त्यावर. मी स्वतः बघितला होता.’ त्याने आपल्या बाजूने खरं तेच सांगितलं. पण तिने त्याचा अर्थ असा लावला: शर्यतीची तारीख चुकू नये म्हणून नवऱ्याने कच्च्या कामावर रंग फासला आणि माझ्या भावाला गाडीमागे उभं केलं. घरी आल्यावर तिने सासऱ्यासमोर, शेजारणीसमोर नवऱ्याला विचारलं, तूच फासलास ना रंग? त्याने मान खाली घालून हो म्हटलं. म्हातारा दारात उभा होता. त्याचं तोंड उघडलेलं मी शेडमधून बघितलं, आणि मिटलेलंही बघितलं.

तेव्हापासून सहा महिने ती नवऱ्याशी बोलत नाही. ताट वाढते, ते जमिनीवर सरकवते. त्याच्याकडे कामं येणंही बंद झालं. ज्याने कच्च्या वेल्डिंगवर रंग फासून माणूस अधू केला, त्याच्याकडून घराचा जिना कोण करून घेईल? पाना आतल्या खोलीत असतो. शेडकडची खिडकी तो लावून घेतो. म्हातारा मात्र रोज येतो, स्टुलावर बसतो आणि माझ्याकडे बघतो. कितीदा त्याने ‘अगं’ म्हणून सुरुवात केली आणि पुढे गेलाच नाही.

आज दुपारी त्याला धीर झाला. मुलगा माझं उजवं मागचं चाक काढत होता. म्हातारा त्याच्या मागे येऊन उभा राहिला आणि एका दमात बोलला. ‘कडी मी रंगवली. मला वाटलं उघडी राहिलीय. मी बोललो नाही, भ्यायलो. आज सूनबाईला सांगतो.’

मला वाटलं, सुटले. सगळे सुटले.

मुलाने हातातलं अवजार खाली ठेवलं, पण तो मागे वळला नाही. ‘माहीत आहे, बाबा.’

‘काय माहीत आहे?’

‘तुटलेली कडी हातात घेतली तेव्हाच कळलं. आम्ही डब्याने फवारतो. तिच्यावर ब्रशच्या रेघा होत्या.’

म्हाताऱ्याने माझ्या हौद्याला धरलं. मग इतके दिवस गप्प का राहिलास, असं त्याने विचारलं.

मुलगा म्हणाला, ‘तुमच्या गोळ्या कोण देतं? अंघोळीला धरून कोण नेतं? तीच ना? माझ्याशी नाही बोलली तर मी काढीन दिवस. तुमच्याशी बोलायची थांबली तर तुमचे कसे निघतील? आणि खाली वाकून न बघता गाडीत बसलो तो मीच. राहू द्या. नका सांगू तिला.’

मी वाट बघत होते. आता हा म्हणेल, गोळ्या गेल्या खड्ड्यात. आता हा मुलाला बाजूला सारून घरात जाईल. ज्याला नखभर गंज चालत नव्हता तो माणूस हा.

तेवढ्यात आतून हाक आली. ‘बाबा, जेवून घ्या. गार होतंय.’ इतक्या मायेने मारलेली हाक, आणि ती त्याच्या एकट्यासाठी. म्हाताऱ्याने मुलाकडे बघितलं. मुलगा पुन्हा चाकाशी वाकला होता. म्हाताऱ्याने मान हलवली आणि सावकाश पावलं टाकत तो जेवायला गेला.

मुलाने चाक उतरवलं आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला. त्याला कुणी हाक मारली नाही.

झालं. एवढंच होतं. माझं काय, उद्या तुकडे होतील, वितळवतील, कुणाच्या तरी छपराचा पत्रा होईन. माझी काही तक्रार नाही. पण ती रोज सकाळी भावाचे कपडे वाळत घालायला या शेडसमोरून जाते. तुम्ही त्या वाटेने गेलात तर तिला क्षणभर थांबवा. तुझ्या नवऱ्याने रंग फासला नव्हता, एवढं एक वाक्य सांगा. मग कुणी फासला, असं ती विचारेल. विचारेलच. तेव्हा तिला काय सांगायचं, ते मला सहा महिने सुचलेलं नाही, आणि आता विचार करायला माझ्याकडे उद्या सकाळपर्यंतच वेळ आहे.