सासूची पकड

मी एक जुनी पकड आहे, मित्रांनो. नळ दुरुस्त करण्याची नव्हे, बरण्यांची घट्ट झाकणे उघडण्याची. माझी मूठ लाकडी आहे, पट्टा एका जुन्या कमरपट्ट्यातून कापलेला आहे आणि माझ्या पोटात एक तिरका लोखंडी दात आहे. साऱ्या भानगडीचे मूळ तो दात.

माझा जन्म एका प्लंबरच्या घरी झाला. त्याच्या सासूबाई लेकीकडेच राहत. त्यांच्या बोटांचे सांधे सुजत, त्यामुळे झाकण उघडायला त्यांना जावयाला हाक मारावी लागे. सासूबाई मोठ्या मानी. "जावईबापू, जरा येता का?" असे दिवसातून चार वेळा म्हणणे त्यांच्या जिवावर येई. जावयाच्याही येई, कारण तो नेमका तेव्हाच ताटावर बसलेला असे.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी त्याने मला बनवले. झाकणाभोवती पट्टा टाकायचा आणि मूठ हलकेच फिरवायची. दात आपोआप पट्टा आवळत जातो. सासूबाईंनी मूठ फिरवली मात्र, साखरेची बरणी टक्‌कन उघडली.

"अगं, ही तर माझ्यासारखीच आहे," त्या लेकीला म्हणाल्या. "एकदा धरलं की सोडत नाही."

"मग हिचं नाव सासूची पकड," लेक हसत म्हणाली.

जावई हसला नाही. तेवढी अक्कल त्याला होती.

पुढे त्याने माझ्या पुष्कळ बहिणी बनवून विकायला काढल्या. खोक्यावरचे चित्र सासूबाईंनी स्वतः काढले. चित्रात त्याच होत्या, मला उंच धरून उभ्या. फक्त त्यांच्या हाताला सहा बोटे निघाली. घरात सगळ्यांनी ती मोजली, पण बोलायची छाती कुणाची?

आमचा जावई कामाला वाघ होता, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. तो मला प्रदर्शनात घेऊन गेला आणि भर गर्दीत माझे पोट उघडून दात दाखवला. वर्तमानपत्राने त्याचा फोटोही छापला. खोटे कशाला बोलू, मलाही ते कौतुक आवडले होते. पुढच्या रांगेतला एक हार्डवेअरचा दुकानदार वहीत आकृती काढत होता. आकृतीत दात उलटा पडला होता. आमच्या जावयाने ती चूक त्याला सुधारून दिली!

वर्षभराने त्याच दुकानदाराच्या काचेमागे चकचकीत पकडी रांगेने उभ्या राहिल्या. आत तोच दात, खोक्यावर तेच नाव आणि तेच चित्र. जावयाला दोन दिवस घास गिळवेना. शेवटी त्याची बायको त्याला, सासूबाईंना आणि मला घेऊन एका वकीलबाईंकडे गेली.

वकीलबाईंनी मला उलटसुलट करून पाहिले. "ही ज्या युक्तीने चालते, त्या युक्तीवर पेटंट मिळतं," त्या म्हणाल्या. "पण युक्ती नवी हवी. अर्ज करण्याआधी कुणाला दाखवलीत का?"

"छे, कुणाला नाही," जावई म्हणाला.

"आणि प्रदर्शनात?" बायकोने विचारले.

"ते सोडून."

"पेपरात?"

"ते... छापून आलं होतं खरं."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "मग पेटंटची आशा सोडा. जगाला सांगून झालेली गोष्ट नवी कशी म्हणणार?"

जावयाने हातपाय गाळले. "म्हणजे सगळंच गेलं?"

"नाव आहे ना! सासूची पकड म्हटलं की लोकांना तुमचीच वस्तू आठवते. तो तुमचा ट्रेडमार्क. आजच नोंदणीचा अर्ज करा. आधीपासून तुम्हीच ते वापरताय, तेव्हा त्या दुकानदाराला आत्ताही अडवता येईल. आणि हे चित्र कुणाचं?"

"माझं," सासूबाई सावरून बसल्या.

"मग त्याचा कॉपीराइट तुमचा. कागदावर उतरलं तेव्हाच तुमचा झाला, वेगळा अर्ज लागत नाही. तुमच्या परवानगीशिवाय ते कुणी छापायचं नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

सासूबाईंनी सावकाश मान वळवून जावयाकडे पाहिले. मित्रांनो, त्यानेही ते चित्र कधी विचारून छापले नव्हते! घरी पोचताच त्याने परवानगीसाठी रीतसर अर्ज लिहिला. सासूबाईंनी तो दोनदा वाचला, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि मगच सही केली.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचे पत्र घेऊन त्या स्वतः दुकानात गेल्या. मी त्यांच्या पिशवीत होते.

"चित्र आमच्या माणसानं काढलंय, मावशी," दुकानदार म्हणाला.

"असेल बाई! माझा हात कापतो, म्हणून माझ्याकडून सहा बोटं निघाली. तुमच्या माणसाचं काय झालं होतं?"

दुकानदाराने खोके उचलले आणि मनात मोजले. गिऱ्हाइकांनी मोठ्याने मोजले. संध्याकाळपर्यंत काच रिकामी झाली.

आठवड्याने त्याच पकडी "झटपट" नावाने परत आल्या, खोक्यावर हत्तीचे चित्र होते. दात मात्र आमचाच. त्याला कायद्याने कुणी अडवू शकत नव्हते. जावयाला ते आजही सलते. पण लोक दुकानात शिरून "सासूची आहे का?" असे विचारतात आणि नाही म्हटले की आमच्याकडे येतात.

आता माझा पट्टा भेगाळला आहे. एका बोथट कात्रीशेजारी मी खणात पडून असते. मित्रांनो, माझ्यासारख्यांना ओले ठेवू नका, अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि तुम्हाला कधी नवी युक्ती सुचली, तर आधी अर्ज करा, मग खुशाल मिरवा.

गेल्या आठवड्यात जावयाने मला खणातून काढून माझ्यात काहीतरी नवेच बसवले. तेव्हापासून तो जेवताना अवाक्षर काढत नाही. बायकोने दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहिला. सासूबाईंनी "काय चाललंय?" विचारले, तर म्हणाला, "अर्ज गेला की सांगतो, आई." सासूबाईंनी त्याला पहिल्यांदाच न मागता आणखी वाढले.

काय बसवले आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही सगळे भले लोक दिसता, पण सांगणार नाही. राग मानू नका.