दोन दाते जास्तीचा पट्टा

माझे दाजी फोर्तुनातो यावरी यांना अख्ख्या वांकायो शहरात एकच माणूस हुशार वाटायचा, आणि तो रोज सकाळी आरशात त्यांच्यासमोर दाढी करायचा. पण मंचावरच्या फिरत्या मुंडीच्या दिव्यांमध्ये त्यांचा हात धरणारं खरंच कोणी नव्हतं. माझी बहीण ओब्दुलिया ते दिवे गावोगावच्या जत्रांना भाड्याने द्यायची, दाजी ते चालते ठेवायचे आणि शिडीवर मी चढायचो. दाजींना उंचीची भीती वाटायची. ते म्हणायचे, "बिघाड खालूनच नीट दिसतो."

सिकायाच्या जत्रेत त्या संध्याकाळी नेलिदा कांचान्या गाणार होती. दुपारी आम्ही दिवे चालू केले. चालू केल्यावर प्रत्येक मुंडी वर-खाली, गरगर फिरून आपली जागा शोधते आणि मग गप्प उभी राहते. सात उभ्या राहिल्या. मधली वर गेली आणि पेंगणाऱ्या दारुड्यासारखी धपकन खाली पडली.

"पट्टा," दाजी खालून ओरडले. "बाजूचं झाकण काढ!"

झाकण काढलं तर मुंडी उचलणाऱ्या दातेरी पट्ट्याचे निम्मे दाते माझ्या मुठीत आले.

"दुसरा आणलाय ना?" ओब्दुलियाने विचारलं.

"लिमाहून मागवणार होतो. तूच म्हणालीस, आधी नवी ताडपत्री घेऊ."

"म्हणजे आता माझंच चुकलं!"

"मी तुला काही म्हणालो का? मी पट्ट्याबद्दल बोलतोय."

गावात झेरॉक्सचं एकच दुकान होतं, आणि त्याचा मालक मुखवटा घालून चौकात नाचत होता. दहा-बारा मुखवटे वर करून पाहिल्यावर मला तो सापडला. त्याच्या बंद पडलेल्या यंत्रातला पट्टा जाडीला अगदी बरोबर बसला, लांबीला मात्र दोन दाते जास्त. मोटर जितकी मागे सरकेल तितकी सरकवली, तरी पट्टा सैलच. मुंडी खालून बटण दाबल्यावर जरा उशिराने निघायची, जागेच्या पुढे जायची, मागे यायची, आणि नेमकी जागा सापडेपर्यंत थरथरत राहायची.

"हा बंदच ठेवू," दाजी म्हणाले. "मी लावलेला दिवा असा लटलट कापताना लोकांनी बघायचा?"

"आणि बाई अंधारात गाणार? बरोबर मध्येच उभी राहते ती!" ओब्दुलिया म्हणाली.

दिवा चालूच राहिला.

नेलिदाचं शेवटचं गाणं खाणीवर जाऊन परत न आलेल्या नवऱ्याचं होतं. ती दोन पावलं पुढे सरकली. सात दिवे तिच्याबरोबर सरकले. मधला मागे राहिला, मग घाईघाईने आला, तिला ओलांडून गेला, परत फिरला आणि तिच्या खांद्यावर थरथरत थांबला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी शाली डोळ्यांना लावल्या. सॅक्सोफोनवाल्याचा सूर चुकला, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही. दाजी दिवे चालवायच्या टेबलाखाली तोंड लपवून बसले होते.

गाणं संपल्यावर नेलिदा घागरे सावरत थेट आमच्याकडे आली. "मास्तर, तो दिवा रडला हो!"

"बाई, पट्टा सैल आहे त्याचा."

"किती हा विनय!" ती म्हणाली. दाजींवर असा आरोप आजवर कोणीच केला नव्हता.

लिमाहून पट्टा आला. दाजींनी तो इतक्या प्रेमाने बसवला की मुंडी अगदी काटेकोर फिरू लागली. पुढचा कार्यक्रम चुपाकाला होता. तालमीत नेलिदाने वर पाहिलं आणि विचारलं, "माझा दिवा कुठाय?"

"तोच आहे. दुरुस्त केलाय."

"कोणी सांगितलं होतं? हा तर पोलिसासारखा बघतोय माझ्याकडे!"

त्या रात्री गाडीत ओब्दुलिया स्पष्टच बोलली. "उद्या पट्टा सैल करा."

"मी दुरुस्ती करणारा माणूस आहे!"

"मग हीच दुरुस्ती समजा."

दोन दिवस दाजींनी पान्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पट्टा सैल केला. नेलिदा येऊन बघून म्हणाली, "हे खोटं रडणं आहे." दाजींच्या जिव्हारी लागलं ते हे. आपल्याला एक बिघाडसुद्धा धड करता येत नाही! पुढचे कित्येक दिवस ते पट्टे ताणत होते, सोडत होते, दात्यांना ग्रीस लावत होते, पुसत होते. दुरुस्ती त्यांना इतकी अवघड कधी गेली नव्हती. शेवटी पट्ट्याला दाबून धरणारी एक बारीक स्प्रिंग त्यांनी बसवली आणि मुंडी पहिल्यासारखी थरथरली. खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षाही छान. दाजी तिच्याकडे बघतच राहिले.

मग आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या गायिकांना रडणारा दिवा हवासा झाला. चांगले चालणारे दिवे घेऊन लोक दाराशी उभे राहू लागले. दाजी प्रत्येकाची नीट चौकशी करायचे: गाणं विरहाचं की मरणाचं? त्याप्रमाणे स्प्रिंग.

एकदा जाउहाहून सिरिलो ओरिवेला नावाचा कारागीर दाजींना भेटायला आला. ऐकून होता, म्हणे, आणि ओळख करून घ्यायची होती. ओब्दुलियाने पुढ्यात उकडलेल्या मक्याचं मोते आणि तळलेल्या डुकराचं चिचार्रोन ठेवलं. खाता खाता तो हसायला लागला.

"मास्तर, गेल्या आठवड्यात एका गायिकेच्या मंचावर दिवा बघितला. मुंडी लटलटत होती. उघडला, तर पट्ट्यावर स्प्रिंग! कुठल्या गाढवाने बसवली असेल, सांगा! काढून टाकली आणि पट्टा ताणून दिला. पैसेही घेतले नाहीत. ती बाई मात्र अंगावर धावून आली, शिव्या दिल्या. काय म्हणावं अशा लोकांना?"

ओब्दुलियाने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. दाजींचे कान लाल झाले होते.

"किती ताणलात?" त्यांनी विचारलं.

"बोटाने दाबला तर जेमतेम दबेल, इतका."

दाजी उठले, आतून बिअरची बाटली आणली, आधी त्याचा पेला भरला आणि मग स्वतःचा.

"बरोबर केलंत," ते म्हणाले. "तसाच हवा."

आणि उन्हं उतरेपर्यंत दोघं बेअरिंगांविषयी बोलत बसले.