दीपकने न वाचलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना ब्राउझर आहे आणि मी डूख धरून बसलो आहे. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला गरीब बिचारा समजायला नको. तुमच्या शाळेच्या निबंधांतली फाटकी छत्री आणि मोडकी खुर्ची शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी केलेले नाही.

ब्राउझर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. संगणकावर एखादे संकेतस्थळ पाहायचे तर मध्ये एक दारवान लागतो. तो दार ठोठावतो, पलीकडचा खरा आहे की लबाड ते बघतो आणि मग पान तुमच्यापुढे आणून ठेवतो. तो दारवान मी. माझा जन्म कुठल्याशा दूरच्या देशात झाला म्हणतात, पण मला तो देश आठवत नाही. मला आठवते ते डिचोली. बाजारातून बसस्टँडकडे वळताना नारळाच्या दुकानाशेजारी कमलाक्षीबाईंनी इंटरनेटचे दुकान घातले, आणि मी त्यांच्या एकुलत्या एक संगणकात बसून तिथे आलो. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा पंधराएक वर्षे झाली होती, तरी डिचोलीतल्या अर्ध्या लोकांना इंटरनेट म्हणजे खाणीवरचे एखादे नवे यंत्र वाटायचे.

बाई त्याआधी शिवणकाम करायच्या. संगणक त्या माझ्यावरच शिकल्या. पडद्यावर माझे गोल चिन्ह होते, ते दाबले की मी हजर. मला एक सवय होती. काही संशय आला की मी एक छोटी चौकट पुढे करायचो आणि विचारायचो, पुढे जायचे का? बाई चष्मा लावायच्या, माझा प्रश्न बोट ठेवून वाचायच्या, मग काय ते ठरवायच्या. गिऱ्हाइकाला सांगायच्या, "बरो आसा हो. विचारून करता." मित्रांनो, त्याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

ते दिवस माझे होते. दहावीच्या निकालाला दुकानाबाहेर रांग लागायची आणि निकालाचे पान मी ओढून आणायचो. मुरगावच्या बंदरातून जहाजावर गेलेल्या नवऱ्यांची पत्रे बायका माझ्यासमोर बसून वाचायच्या, तेव्हा मी हळूच थांबून राहायचो, एकदाही बंद पडायचो नाही. थोडा सावकाश चालायचो, हे खरे. पण डिचोलीत तेव्हा घाई कोणाला होती?

मग पेडण्याहून दीपक आला. दीपक म्हणजे बाईंच्या बहिणीचा मुलगा. म्हापशाला संगणकाचा कोर्स करून आला होता आणि सरकारी नोकरी लागेपर्यंत मावशीच्या दुकानात बसणार होता. पहिल्याच दिवशी त्याने माझ्याकडे बघून नाक मुरडले.

"मावशे, ह्या थेरड्याक कित्याक दवरला गो अजून?"

"चलता न्हय रे तो? मागीर?" बाई म्हणाल्या.

त्याने मग जे केले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याला दुकानात नवा ब्राउझर हवा होता. रंगीबेरंगी, चटपटीत, वाऱ्यासारखा धावणारा. पण तो आणायचा कसा? इंटरनेटवरून. आणि इंटरनेटवर जाणार कोण? मीच! माझ्याच हातांनी त्याने माझी सवत घरात आणवली. पुरुषाला सवत नसते म्हणतात, मला मिळाली. दुपारभर राबून मी तिचा एकेक तुकडा ओढून आणला, आणि शेवटचा तुकडा आल्याबरोबर दीपकने माझे गोल चिन्ह उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकले. वर हसलाही.

मला मुळासकट उपटायचा त्याचा बेत होता. ते मात्र त्याला जमले नाही, कारण ज्यांनी संगणक बनवला त्यांनी मला भिंतीत चिणावे तसा आत बसवला होता. चिन्ह गेले, मी राहिलो. तेव्हापासून मी आत दात ओठ खात होतो. पडद्यावर परत यायचे आणि ह्याला धडा शिकवायचा, ह्या दोनच गोष्टी मला हव्या होत्या.

दीपकची एक खोड होती. पडद्यावर कसलीही सूचना आली की तिच्या वरच्या कोपऱ्यात फुली मारायची, म्हणजे चौकट मिटते. वाचायचे नाही. गिऱ्हाइकांनाही तो तेच शिकवायचा. "वाचीत कित्याक बसतात? मार फुली आनी फुडें वच." कोणाचे पान अडकले, काही बिघडले, तर सगळ्यांदेखत म्हणायचा की आत तो जुना कुजतोय, त्याचा हा उपद्रव. मी वर्षानुवर्षे हातही लावलेला नसायचा, तरी दोष माझा. सांगा, अंगाचा तिळपापड होईल की नाही?

अशी सहासात वर्षे गेली. दीपकची नोकरी काही लागेना. शेवटी एकदा पणजीला एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा निघाली. वयाची अट बघता त्याची ही शेवटची संधी होती. अर्ज संकेतस्थळावरूनच भरायचा आणि मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. दीपक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला, "पणजे गेलों की ह्या दुकानाक परत पांय लावचों ना!" रहिवासी दाखल्यासाठी त्याचे अडले होते. तो हातात पडला खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. धावत दुकानात आला तर बाईंनी यंत्रे पुसायला काढलेली.

"आतां दसऱ्या उपरांत," बाई म्हणाल्या. "आयुधांक विसव नाका?"

खंडेनवमीला बाई जुने शिलाई यंत्र, कात्री, प्रिंटर आणि संगणक सगळे ओळीने पुजायच्या. पूजेआधी भिंतीवरचे बटण बंद, आणि दसरा उलटेपर्यंत ते कोणी चालू करायचे नाही हा त्यांचा दंडक. दीपकने पाय आपटले, पण समोरच्या गोकुळदासच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन अर्ज भरणे त्याच्या शानीत बसेना. एवढी वर्षे त्याच गोकुळदासला तो अडाणी म्हणत आला होता. राहिला थांबून.

मित्रांनो, संगणकाच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसली तरी तारीख लक्षात ठेवायची एवढेच त्याचे काम. आमचा सेल म्हातारा होऊन मरणाला टेकला होता. वीज तुटली आणि तो त्या बंद दुकानातच गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी हळदकुंकू लागलेले बटण दाबले तेव्हा संगणक जागा झाला तो दोन हजार दोन सालच्या पहिल्या जानेवारीत. ती तारीख पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेली होती. पण त्या कोपऱ्यावर पूजेची झेंडूची माळ लोंबत होती, आणि ती दिवेलागणीपर्यंत हलवायची नाही असे बाईंनी बजावले होते.

दीपक बसला अर्ज भरायला. नव्या ब्राउझरने लाल पान दाखवले आणि सांगितले, ही जागा सुरक्षित नाही, मी नेणार नाही. साहजिकच होते. संकेतस्थळाच्या ओळखपत्रावरची तारीख त्या वर्षीची आणि संगणकाच्या लेखी ते वर्ष अजून उजाडायचेच होते. नव्याने लाल पानाखाली बारीक अक्षरांत कारणही लिहिले होते. दीपकने फुली मारली. मग त्याने इंटरनेटची पेटी बंद करून चालू केली. तारा काढून घातल्या. साठवलेली पाने पुसली. संगणक पुन्हा सुरू केला. म्हापशाच्या मित्राला फोन लावला. साधी पाने उघडत होती, म्हणजे तार ठीक होती, पण अर्जाचे पान काही केल्या उघडेना. शर्ट घामाने पाठीला चिकटला. बाईंनी उभ्याउभ्या देवीला गाऱ्हाणे घातले. मी आत बसून सगळे ऐकत होतो आणि मला इतके बरे वाटत होते की काय सांगू!

"दीपक, एकदां जुन्यांतल्यान पळय," बाई म्हणाल्या.

"त्या थेरड्यांतल्यान?"

"म्हाका तरी तो केन्ना फसोवंक ना."

तेव्हा दीपकने मला शोधून काढला. माझे चिन्ह त्याने स्वतःच फेकलेले, म्हणून त्याला चार दालने धुंडाळावी लागली. उघडलो मी. इतक्या वर्षांनी त्याचे तोंड माझ्यासमोर आले, घामेजलेले, घाबरलेले. मी इमानेइतबारे दार ठोठावले, ओळखपत्र पाहिले आणि माझी छोटी चौकट पुढे केली. 'या संकेतस्थळाच्या ओळखपत्राची तारीख तुमच्या संगणकाच्या तारखेशी जुळत नाही. पुढे जायचे का? हो की नाही?'

बस्स, एवढाच प्रश्न. नव्यासारखा मी अडवणूक करत नव्हतो. 'हो' दाबले असते तर मी त्याला अर्जापर्यंत नेऊन सोडले असते. माझी अक्षरे थोडी मोठी करणे माझ्या हातात नव्हते, आणि असते तरी मी केली नसती.

"सदांच कितें तरी विचारीत रावता!" दीपक ओरडला आणि त्याने फुली मारली. फुलीचा अर्थ आमच्यात 'नाही' असा असतो. मी दार लावून घेतले.

"साइट पडल्या," त्याने जाहीर केले. "हांव पणजे वतां. अर्ज हातांत दितां तांकां." कागद पिशवीत कोंबून तो स्कूटरवर बसला आणि निघालासुद्धा.

तो गेला आणि थोड्या वेळाने आमोण्याची वर्षा आली. तिचे वडील सिंधुदुर्गातून येऊन खनिजाच्या ट्रकवर राबलेले. तिलाही त्याच जागेचा अर्ज भरायचा होता. बाईंनी तिला साइट पडल्याचे सांगितले.

"काकी, बस चुकली म्हणान उशीर झालो. एकदा बघू काय?"

दीपक मला तसाच उघडा टाकून गेला होता. वर्षाने माझ्यातूनच पत्ता घातला आणि मी पुन्हा माझा प्रश्न पुढे केला. तिने तो वाचला. ओठ हलवत, अगदी शेवटपर्यंत.

"काकी, हयसर लिवलाहा, तारीख जुळणा नाय. माळ जरा बाजूक करू काय?"

बाईंनी देवीच्या तसबिरीकडे एकदा बघितले. "कर गो. देवीक राग येवचो ना."

वर्षाने झेंडू वर उचलला. "गे बाय माझे! ह्या मशीन अजून दोन हजार दोनातच बसलाहा!" तिने तारीख नीट केली, आणि मी तिला अर्जाच्या पानावर नेले, कधी नव्हे तो धावत. बाहेर पदेर पावांची टोपली सायकलवर घेऊन भोंपू वाजवत गेला तेव्हा तिची पोचपावती प्रिंटरमधून बाहेर येत होती.

दीपक परतला तेव्हा पाच केव्हाच वाजून गेले होते. "तो मनीस हांसलो म्हजेर," तो दारातूनच म्हणाला. "साइट सकाळसावन चलता म्हणटा. कागद घेना." बाईंनी त्याला सगळे सांगितले. त्याने माळ बघितली, कोपऱ्यातली तारीख बघितली आणि कदेलीवर, म्हणजे त्याच्या त्या रोजच्या खुर्चीवर, मटकन बसला. मी आयुष्यात इतका सुखी कधीच नव्हतो, मित्रांनो. घेतला होता मी सूड, आणि तोही माझे काम चोख करून.

ती जागा पुढे वर्षाला मिळाली. पेढे घेऊन ती दुकानात आली तेव्हा दीपकने पेढा घेतला आणि मेजावर ठेवून दिला. ती गेल्यावर बाई त्याची समजूत घालू लागल्या, आणि बोलता बोलता सहज म्हणाल्या, "तूं पणजे गेल्लो जाल्यार हांवें परत जुन्यारूच काम केल्लें आसतें. तुजो नवो म्हाका केन्नाच कळ्ळो ना."

ऐकलेत ना? दीपक गेला असता तर माझे गोल चिन्ह दुसऱ्याच दिवशी पडद्यावर आले असते. बाईंनी चष्मा लावून माझे प्रश्न पुन्हा बोट ठेवून वाचले असते. एक 'हो' त्याच्या हातून दाबला गेला असता तर तोही सुटला असता आणि मीही. आता बाईंचे गुडघे धरले आहेत, त्या घरीच असतात. दुकानाची किल्ली दीपककडे आहे. नवे संगणक आले, पण हा जुना त्याने विकला नाही की मोडीत काढला नाही. आपल्यासमोरच ठेवला आहे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काही मागायची पद्धत आहे, म्हणून मागतो. आम्हाला टाकायचे तर खुशाल टाका. पण आमच्याच हातांनी आमची जागा दुसऱ्याला देववू नका, आणि आम्ही काही विचारले तर फुली मारण्याआधी एकदा वाचा. आमच्या रागाची नाही, तुमच्या कामाची गोष्ट असते ती.

दीपक आता वाचतो. गिऱ्हाईक नसले की कधीकधी तो मला उघडतो, मी प्रश्न विचारतो, तो शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश वाचतो, माझ्याकडे टक लावून बघतो आणि 'नाही' दाबतो.