धाकटीने ओळखलेला आवाज

शिवणाचं अंगुस्तान बोटात जाईना, तेव्हा ताईने दोष उकाड्याला दिला. उकाड्याने सगळ्यांचीच बोटं सुजतात. ते तिने करंगळीत अडकवलं आणि कोटाचं अस्तर टाचायला घेतलं.

ताईचं शिलाईचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. काही वर्षांपूर्वी तिच्या मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीवर गाठ निघाली होती. त्या गाठीमुळे वाढीचं संप्रेरक नको तितकं सुटायचं. हातपाय रुंदावले, जबडा पुढे आला, दातांत फटी पडल्या, आवाज जाड झाला. गिऱ्हाइकं म्हणायची, "तब्येत सुधारली हो." शेवटी नाकातून ऑपरेशन करून गाठ काढली. दर वर्षी रक्त तपासायचं ठरलं. यंदा मात्र कामाचं निमित्त सांगून ताईने ते पुढे ढकललं होतं.

रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"सर्दी झालीय का गं?"

"नाही."

"मग आवाज असा का येतोय? तेव्हासारखा."

"फोनच धड नाही," म्हणून ताईने तो ठेवून दिला.

आपला आवाज आपल्याला कुठे कळतो? ती बोलायचीच कमी झाली. गिऱ्हाइकांना मानेनेच हो-नाही करू लागली. धाकटीचा फोन वाजला की मशीन जोरात चालवायची. न्हाणीघराची कडी लावून आरशात दात बघायची. खालच्या दातांत फट पडली होती, की आधीपासूनच होती? आठवेना, आणि विचारणार कुणाला?

नवरा भूगोलाचा मास्तर. मास्तर जेवताना म्हणाले, "रागावलीस का? काय चुकलं ते तरी सांग, म्हणजे पुन्हा तेच करायला मोकळा."

ताईला हसू फुटलं. ते घशातून असं जाडंभरडं आलं की मास्तरांचा घास हातातच राहिला. भांडी त्या दिवशी मास्तरांनीच घासली.

दोन दिवसांनी धाकटी पिशवी घेऊन दारात उभी.

"फोन उचलायचा नाही म्हटल्यावर मी येणारच." तिने ताईचा हात हातात घेतला. "अंगठी कुठे गेली?"

"कामात अडते."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ताई."

"उजाडूच नये असं वाटतंय मला." ताई कापडाच्या ढिगावरच बसली. "मागच्या वेळी काही माहीत नव्हतं, म्हणून निभावलं. आता सगळं माहीत आहे. नाकात बोळे कोंबलेले, श्वास तोंडाने घ्यायचा, आणि आपण बुडतोय असं वाटायचं. परत नाही जमणार मला."

धाकटीने समजूत घातली नाही. ती शेजारी बसली. मग म्हणाली, "उद्या रक्त देऊ. फक्त रक्त. पुढचं पुढे."

रक्तातलं प्रमाण चढलेलं निघालं. मग स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक पांढुरका ठिपका दाखवला.

"मागच्या ऑपरेशनात राहिलेला कण वाढलाय. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीला चिकटलाय, त्यामुळे तिथे हत्यार लावणं धोक्याचं. दर महिन्याला इंजेक्शन देऊ. नाहीच भागलं तर रेडिएशन."

"नजर जाईल का?" ताईने विचारलं.

"सध्या धोका नाही. डोळ्यांच्या नसेपर्यंत गाठ पोचलेली नाही."

"पण बरी होईल ना ही?" मास्तर मध्येच म्हणाले.

"ताब्यात ठेवता येईल, अशी आशा आहे."

बरी होणं आणि ताब्यात राहणं, या दोन शब्दांमधलं अंतर ताई घरी येईपर्यंत मोजत राहिली. इंजेक्शनं सुरू झाली. पोट बिघडायचं, अंगात त्राण उरायचं नाही. सुई ओवताना ती आधी एक डोळा मिटून बघायची, मग दुसरा. दोन्हींना दोरा नीट दिसला की मगच टाका घालायची; पुढच्या सुईला पुन्हा तेच.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. रक्तातलं प्रमाण उतरलं होतं. गाठ वाढली नव्हती. लहानही झाली नव्हती.

दवाखान्याच्या पायरीवर मास्तर चप्पल घालता घालता थबकले.

"आत स्कॅनच्या वेळी भीती वाटली?"

"खूप. तुम्हाला?"

"बाहेर बसून जास्त वाटते," ते म्हणाले. दुसरी चप्पल त्यांना बराच वेळ सापडेना. ती पायाशीच होती. ताईने वाकून सरळ करून दिली.